जुनं जर्मन, नवं जर्मन

पौष वद्य २, शके १८६४

शाळेच्या छपराचा विषय आज पुन्हा काढला. हेडमास्तर म्हणाले, अर्ज उर्दूत द्या. मागचा उर्दूतच होता. तो कुठं आहे विचारलं तर म्हणे वर गेलाय. चार वर्षं वरच आहे. छप्पर तेवढं खाली येतंय.

संध्याकाळी बसप्पा तांबट आला. महादेवाच्या झारीची तोटी निखळली होती ती बसवून झाली, गुरवाच्या हवाली करायची, पोच पाहिजे. बसप्पाला लिहिता येतं ते कानडी, आणि आमच्या गावात कानडी वाचणारा त्याच्याखेरीज कोणी नाही. मीच लिहिली: 'जर्मनची झारी नग एक, तोटीला कथलाचा डाग देऊन दुरुस्त, पोचली.' गुरवाने अंगठा उठवला.

बसप्पा म्हणाला, "मास्तर, तोटी आता माझ्या नातवापत्तुर हालत न्हाय." चहा दिला तर कपाला शिवेना. हात काळे आहेत म्हणाला. शेवटी सौ.ने दटावून पाजला.

पौष वद्य ४, सोमवार

सौ. महादेवाला जाऊन आली ती तोंड वाकडं करूनच. तीर्थ कळकलंय म्हणते. पंचामृत झारीत तसंच राहिलं असणार, गुरवाला तिथल्या तिथं सुनावून आले, वगैरे. हिला देवाच्या दारीही खरकटं दिसतं. म्हटलं, तीर्थ प्यायचं असतं, चाखायचं नसतं. दिवेलागणीपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

दुपारी आबासाहेब घोड्यावरून शाळेपुढून गेले. देवळाचे मुख्य पंच, गावातले सगळ्यांत मोठे जमीनदार. हेडमास्तरांनी सगळा वर्ग उठून उभा करवला. मलाही. हैदराबादेत एक निजाम आहे तेवढा पुरे नाही का, गावोगाव आणखी कशाला? आणि अमीनसाहेब मागून पायी चालत होते, हातात त्यांचा चाबूक धरून. ठाण्याचा अंमलदार हा. लाज नावाची चीज कोणत्या दुकानात मिळते ते एकदा विचारलं पाहिजे.

माघ शुद्ध ८, शुक्रवार

सुट्टी. काल आबासाहेबांच्या लेकीचं लग्न लागलं. बार्शीचं स्थळ. रुखवतात सगळी नवी जर्मनची भांडी: पातेली, डबे, परात, एक झारीसुद्धा. लढाईमुळे आता बाजारात दिसत नाहीत, तो धातू सगळा विमानांत जातोय म्हणे. म्हणून मुद्दाम उन्हात मांडली होती, बघणाऱ्याचे डोळे दिपावेत अशी. बायका हात लावून बघत होत्या.

कन्यादानाला मुलीच्या आईने धार धरली ती मात्र महादेवाच्या झारीतून. आबासाहेबांच्या आजीने देवाला दिलेली, म्हणून त्यांच्या घरच्या प्रत्येक लग्नाला तीच देवळातून आणवतात. झारी चांगलीच जड, काठोकाठ भरलेली, आणि उपाध्यायांचे मंत्र काही आवरेनात. बाईंचा हात थरथर कापत होता. मला दया आली. जेवण बरं होतं. जिलब्या कच्च्या.

माघ वद्य १३, गुरुवार

लिहिताना टाकाचं टोक मोडलं. रागाने.

उद्या महाशिवरात्र, म्हणून देवळातल्या भांड्यांची मोजदाद होती. नेहमीप्रमाणे लिहायला मी. गुरवाने कपाटातून झारी काढून आबासाहेबांना दिली. त्यांनी ती जड म्हणून धरली आणि हात एकदम खांद्यापर्यंत वर गेला. झारी हलकी. नव्या जर्मनची. तोटी रिबीट मारून बसवलेली, डागाचा मागमूस नाही.

आबासाहेब म्हणाले, "ही आमच्या आजीची नव्हं. ती जर्मन सिल्वरची हुती. बसप्पानं ती दाबली आन् ही दिली."

बसप्पाला बोलावणं गेलं. आला तो हात पुसतच. झारी बघितली, बोटाने वाजवली, आणि म्हणाला, "ही माझ्या हातची न्हाय. म्या तोटीला डाग दिल्ता. ह्या नव्या जर्मनला डाग धरतच न्हाय सरकार. मग ही म्या दुरुस्त केल्याली कशी असंल?"

"म्हंजे बदलली ते कबूल," आबासाहेब म्हणाले.

लोक हसले. मी पोच दाखवा म्हटलं. दाखवली. माझंच अक्षर. 'जर्मनची झारी नग एक.' एक पंच म्हणाले, "जर्मन लिवलंय, जर्मनच हाय की. कागुद खोटा न्हाय आन् झारी बी खोटी न्हाय. खोटा ह्यो." असं म्हणून बसप्पाकडं बोट.

ठराव झाला: जुनी झारी परत येईपर्यंत बसप्पाने देवळाच्या कोणत्याही भांड्याला हात लावायचा नाही. पाडव्याचं गळतं दुसऱ्याकडून बांधून घ्यायचं.

चैत्र पाडव्याला पिंडीवर गळतं बांधतात. तांब्याचं, बुडाला भोक, उन्हाळाभर देवाच्या डोक्यावर थेंब थेंब पाणी. ते बांधायचा मान बसप्पाच्या घराचा, त्याचा आजा नळदुर्गाकडून इथं आला तेव्हापासूनचा. हे ऐकल्यावर त्याने हात पुसायचं थांबवलं. खाली बघत राहिला. आणि तो ठराव वहीत कोणी लिहिला? मी. शाई सांडली असं म्हणून उठलो असतो तर काय झालं असतं? लिहिला.

माघ वद्य १४, महाशिवरात्र

बसप्पा पायरीखालीच बसला होता. गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं आणि तिथंच पूजा केली. येणारे जाणारे त्याला वळसा घालून जात होते, काही तर मुद्दाम मुलांना जवळ ओढून. हाच माणूस परवापर्यंत ह्यांच्या घरच्या कळश्या नीट करत होता.

सौ. म्हणाली, "त्याचा देव त्याच्या गळ्यात आहे. त्याला कोण बंदी घालणार?" बोलायला ठीक आहे. माझा राग त्याने उतरत नाही.

रात्री उपासाची भगर खाताना आठवत होतं. माझ्या लहानपणी जर्मन म्हटलं की एकच वस्तू होती: आईचा पानाचा डबा, पांढरा, जड, चांदीसारखा दिसणारा. त्यात तांबं, जस्त आणि निकल. मग ही हलकी ॲल्युमिनियमची भांडी आली. तीही पांढरी. विकणाऱ्याने जर्मन म्हटलं, घेणारीने जर्मन म्हटलं, आणि मी, शाळेत धातूंचा धडा शिकवणारा शहाणा, मीही जर्मनच लिहिलं. 'पांढरी पितळ' लिहिलं असतं तर? दोन शब्द. हात काही झिजला नसता.

फाल्गुन शुद्ध २

शाळेचा काटा मागितला. दोन्ही धातूंचं वजन पाण्यात करून पंचांना दाखवायचं होतं. हेडमास्तर म्हणाले, सरकारी काटा देवळाच्या भानगडीला मिळणार नाही. तो काटा गेल्या तीन वर्षांत एकदाच बाहेर निघाला, त्यांच्या घरी तूप आलं तेव्हा. हे तोंडावर म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

सोनाराचा काटा आणला. त्याने काही विचारलं नाही. भला माणूस.

फाल्गुन शुद्ध ४

आईची जुन्या जर्मनची पळी: वजन दहा तोळे. काठोकाठ भरलेल्या पातेल्यात सोडली, सांडलेलं पाणी एक तोळा दोन मासे. म्हणजे पाण्याच्या साडेआठपट जड. नव्या जर्मनची वाटी: साडेपाच तोळे, पाणी दोन तोळे. पावणेतीनपट. उर्दू पुस्तकात ह्याला कसाफत म्हणतात. मराठीत काय म्हणावं? घट्टपणा? जड-हलकं म्हटलं तरी गुरवालासुद्धा कळेल. एकाच मापाच्या दोन झाऱ्या केल्या तर एक दुसरीच्या तिप्पट भरेल. एवढा फरक ज्यांना हातात घेऊन कळतो त्यांना तो कागदावर का कळू नये?

मग दोन पळ्या कढत पाण्यात उभ्या केल्या, दोन्हींच्या दांड्यांच्या टोकाला लोण्याचा गोळा. नव्या जर्मनच्या पळीवरचा बघता बघता घसरला. जुन्यावरचा बसून राहिला, नंतर कधीतरी पाझरला. सौ. दारात उभी होती. "लोणी धातूला चारा आणि घरात ताकावर राहा," म्हणाली. पण तीच पुढं म्हणाली की म्हणूनच नव्या जर्मनच्या भांड्यात दूध लागतं आणि कान धरला की चटका बसतो. हे मला पुस्तकात मिळालं नव्हतं.

पापडखाराचं पाणी: नवं जर्मन फसफसलं, काळं पडलं. जुन्याला काही नाही.

फाल्गुन शुद्ध ५

बसप्पाच्या भट्टीपाशी बसलो होतो. त्याने मला दाखवायला म्हणून नव्या जर्मनच्या तुकड्याला डाग द्यायला घेतला. कथील वितळलं, गोळी झाली, आणि अळवाच्या पानावरून पाणी जावं तशी घरंगळून राखेत पडली. पुन्हा. पुन्हा. मग त्याने जुन्या जर्मनचा तुकडा धरला. कथील पसरलं आणि धरून बसलं.

"ह्ये नवं जर्मन कुनाचंच हून घेत न्हाय," म्हणाला. "फुटलं की टाकायचं. आमच्या धंद्याला माती हाय ह्ये."

त्याची सून आतून कानडीत काहीतरी बोलली. तो उठून भट्टी विझवायला लागला. काय म्हणाली विचारलं. म्हणाली, कोळसा कशाला जाळताय, गिऱ्हाईक कुठं आहे. शिवरात्रीपासून एक घागर आलेली नाही त्याच्याकडे. बायका आता भांडी परंड्याला पाठवतात.

फाल्गुन शुद्ध ६, शुक्रवार

आज माझं गावासमोर हसं झालं, ते नीट लिहून ठेवतो.

पार भरला होता. पंच, आबासाहेब, हेडमास्तर. मी पळी, वाटी, पाणी, सोनाराचा काटा घेऊन गेलो. जड-हलकं दाखवलं. लोक ऐकत होते, खरंच ऐकत होते. मी म्हटलं, जुन्या जर्मनमध्ये निकल असतं, नवं जर्मन वेगळाच धातू. तोच हेडमास्तरांनी खिशातून चुंबक काढला. शाळेचा. काटा सरकारी, चुंबक मात्र खिशात घालून आणला. म्हणाले, "मास्तर, पुस्तकात लिहिलंय, निकल चुंबकाला चिकटतं. तुमची ही निकलची पळी चिकटवून दाखवा."

चिकटली नाही. वाटीही नाही. दोन्ही सारख्याच पडून राहिल्या.

"झालं तर मग," आबासाहेब म्हणाले. "दोन्ही एकच जर्मन. मास्तर, तुमी मुलांना पाढे शिकवा."

पार हसला. मला उत्तर माहीत नव्हतं. निकल चिकटतं हे खरं, मग तांब्या-जस्तात मिसळलं की का नाही? कुठंही लिहिलेलं नाही, निदान माझ्याकडच्या पुस्तकात नाही. पण चुंबक चिकटला नाही म्हणून दहा तोळ्यांची पळी हलकी झाली काय? काटा समोर होता. काट्याकडं एकानेही बघितलं नाही. हसू आलं की माणसांना बघायची गरजच उरत नाही. आणि हेडमास्तर माझ्याच खात्यातले, माझ्याच पुस्तकातलं अर्धं वाक्य घेऊन माझ्यावर आले.

बसप्पा माझ्याबरोबर घरापर्यंत आला. माझी पळी त्यानेच उचलून आणली.

फाल्गुन शुद्ध १०

मला आता वाटतं ते असं. लग्नघरी दोन झाऱ्या होत्या. एक महादेवाची, एक रुखवतातली. दोन्ही 'जर्मनच्या'. कोणीतरी सांगितलं, जर्मनची झारी देवळात देऊन ये. कोणीतरी समोर दिसली ती दिली. दुसरी मुलीच्या पेटीत बसून बार्शीला गेली. चोर कोणीच नाही. एक शब्द आणि घाईची माणसं.

अक्काला, माझ्या बहिणीला, बार्शीला पत्र टाकलं. ती त्या मुलीच्या सासरच्याच गल्लीत राहते. पुरुषाने परक्याच्या सुनेची भांडी बघायला जाणं शोभत नाही, बायका हळदीकुंकवाला सहज जातात. लिहिलं: 'जुनं जर्मन जड, नवं हलकं. तिथं आलेलं जर्मन कोणतं आहे ते नकळत पाहून ताबडतोब कळव. कुणाला सुगावा लागू देऊ नकोस.'

फाल्गुन वद्य ३

अक्काचं उत्तर का येत नव्हतं ते कळलं.

दुपारी ठाण्यातून बोलावणं आलं. अमीनसाहेबांच्या टेबलावर माझं पत्र, फोडलेलं, खाली कोणीतरी केलेला उर्दू तर्जुमा. पत्राची रवानगी सरहद्दीपलीकडं, बार्शीला म्हणजे इंग्रजी मुलखात, आणि दिवस लढाईचे.

"मास्टरसाब, ये भारी जर्मन कौन? और हलका जर्मन कौन?"

"साहेब, बर्तन हैं."

"बर्तन का नाम जर्मन कायकू?"

काय सांगणार? कायकू ते मलाच माहीत नाही. मी काटा, पाणी, कसाफत, सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि मधूनच तर्जुम्यावर बोट ठेवत होते: "और ये? 'चुपके से देखके'? 'किसी को खबर न हो'? बर्तन के वास्ते इत्ती राजदारी?"

दोन तास बसवलं. पाणी विचारलं नाही. शेवटी म्हणाले, चौकशी होईपर्यंत पत्र इथंच राहील. मी दारापर्यंत पोचलो तर मागून: "घर में और क्या क्या लिखते मास्टरसाब?"

मुलांचे पेपर, म्हटलं.

घरी आलो आणि ही वही कणगीत ज्वारीखाली घातली. आता काढून लिहितोय. पानांना भुसा लागलाय. स्वतःच्या घरात स्वतःची वही ज्वारीखाली. हद्द झाली.

फाल्गुन वद्य ८

गुरव मागच्या दाराने आला. सौ.ने बसायला पाट दिला, पाटावर बसला नाही. म्हणाला, "मास्तर, मनात ठिववत न्हाय. लगीन झाल्यावर सातव्या दिशी आबासायबांकडची बाई झारी घिऊन आली. 'जर्मनची झारी दिऊन ये म्हनल्यात' म्हनली. हातात घेतली तवाच मला हलकी लागली."

"मग बोलला का नाहीत?"

"मोठ्याच्या घरनं आल्याली वस्तू. म्या म्हनलं माझाच हात चुकत आसंल."

पंचांपुढं हे सांगाल का विचारलं. मान खाली. देवळाची इनाम जमीन आहे, तीन लेकरं आहेत, ती जमीन पंचांच्या शब्दावर आहे. "न्हाय मास्तर. तुमी 'गुरव म्हनला' म्हून सांगा, म्या न्हाय म्हनंन." त्याच्यावर चिडावं तर त्याच्या पायातली वहाण दोरीने बांधलेली. मग चिडायचं कोणावर? मी चिडलोच. सौ.वर. तिने काही केलं नव्हतं.

आबासाहेबांना आता ठाऊक असणारच. त्यांच्याच घरातून गेली ती. पण नव्या विहिणीला 'देवाची झारी चुकून तुमच्याकडं आली, परत द्या' असं कळवायचं म्हणजे मान खाली घालावी लागते. बसप्पाची मान खाली घालणं सोपं. ती आधीच वाकलेली असते, कामामुळं.

फाल्गुन वद्य १२, शुक्रवार

काल रात्री आईच्या पानाच्या डब्याच्या झाकणात दही घालून ठेवलं होतं, आणि नव्या जर्मनच्या वाटीत तेवढंच. आज सकाळी वाटीतलं जसंच्या तसं. झाकणातलं कडेने हिरवट. सौ.ने बोट लावून जिभेवर टेकवलं, आणि थू करून म्हणाली, "कळकलं." कळकायचंच. त्यात तांबं आहे, आंबट त्याला लागलं की कळकतं. नव्यात नाही.

ती झाकण चिंचेने घासत होती. घासता घासता थांबली.

"मग पौषात तीर्थ कळकलं होतं ते कशानं?"

पौष. बसप्पाने झारी दिली त्यानंतर. लग्नाच्या आधी. झारी नव्या जर्मनची असती तर तीर्थ कळकलंच नसतं. बसप्पाने दिली ती जुनीच होती. हे बायकोने मला त्याच दिवशी सांगितलं आणि मी तिला हसलो.

मी कणगीत हात घातला. वही काढली, पान काढलं. पौष वद्य ४. तारीख आहे, वार आहे, झारीचं नाव आहे, कळकलं आहे. भांडणाच्या सव्वा महिना आधी लिहिलेलं. ह्याहून चांगला कागद अख्ख्या गावात नाही. लग्नाच्या पानावर झारी जड लिहिलीय, पण काठोकाठ भरलेली; भरलेली कोणतीही जडच, म्हणतील.

आणि त्याच्याच खाली, त्याच पानावर, त्याच शाईने: आबासाहेब, निजाम, अमीनसाहेब, चाबूक.

दिवसभर डोकं चालवलं. नक्कल करावी, तर ती आजची. खालच्या ओळी खोडाव्यात, तर पंच म्हणतील वरच्याही आत्ता लिहिल्या. पान अर्धं फाडावं, तर उरलेलं कुठं आहे ते आधी विचारतील, आणि विचारणारे अमीनसाहेब असतील. नोकरी तर जाईलच. नोकरीवर थांबलं तर नशीब.

सौ. म्हणाली, "वाचा बघू काय लिहिलंय." वाचलं. माझ्याबद्दल लिहिलंय ते पुन्हा वाचा म्हणाली. 'हिला देवाच्या दारीही खरकटं दिसतं.' पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "हे पंचांसमोर वाचलंत तरी माझी हरकत नाही. दिसलं होतंच ना?"

फाल्गुन अमावास्या

सौ. पहाटे बार्शीला गेली. आडतीच्या गाडीतून, गाडीवानाची बायकोही बरोबर आहे. मी नको म्हणत होतो. म्हणाली, "पत्र पकडतात, मला कोण पकडतंय? नणंदेकडं चाललेय. विचारलं तर सांगेन, जर्मन बघायला." पिशवीत आईची पळी घेऊन गेली, वजनाचा अंदाज हाताला असावा म्हणून. हे मला सुचलं नव्हतं.

बसप्पाला आज वहीचं सांगितलं. सगळं. तो हातातली हातोडी फिरवत बसला. "नगा मास्तर," म्हणाला. "माझं एक गळतं जाईल. तुमचं समदं जाईल." मी म्हटलं, मग तुमच्यावरचा डाग? तर म्हणाला, "डाग द्यायचा माझाच धंदा हाय." हसून म्हणाला, पण डोळे माझ्याकडं नव्हते. घरी येईपर्यंत मला त्या हसण्याचा राग येत राहिला. अशा माणसाला असं हसायला लावणाऱ्यांचा.

सौ. संध्याकाळपर्यंत यायला हवी होती. आली नाही.

चैत्र शुद्ध १, शके १८६५

सकाळ. सौ. अजून नाही. गाडीवानाच्या घरी जाऊन आलो. त्याची आई म्हणते, रस्त्यात चाक मोडलं असेल, नाहीतर मुक्काम पडला असेल. झारी दिसली की नाही, दिसली तर तिने काय केलं, काही कळायला मार्ग नाही. माझ्या बायकोला मी ओळखतो. नुसतं बघून परत येणारी ती नाही.

गुढी एकट्यानेच उभी केली. आमच्या आळीत यंदा सगळ्यांच्या गुढीवर नव्या जर्मनचे गडू आहेत. काठी वाऱ्याने हलली की ते हलके गडू खुळखुळतात. आमच्यावर आईचा जुना. काठी थोडी वाकलीय.

देवळात दुसऱ्या गावचा तांबट गळतं बांधायला आलाय म्हणे. पंच जमलेत. अमीनसाहेबही आहेत, सणाचे म्हणून.

रात्रभर विचार केला आणि काही ठरलं नाही. भीती वाटतेय, हे लिहून ठेवतो. मी शूर नाही. शूर असतो तर ठराव लिहिताना शाई सांडली असती. पण मुलांना मी सांगतो की मोजून बघा आणि मगच बोला. मी मोजलंय. आणि माझ्या हातून लिहिलेल्या एका शब्दाने एका माणसाचं घर बसलंय, तर माझ्याच हातून लिहिलेलं एक पान कणगीत कुजत ठेवायचं, हे मला पटत नाही. चीड येते, आणि आज ती माझीच जास्त येते.

पौषाच्या पानात कडुलिंबाचा डहाळा घालून ठेवलाय, पटकन उघडता यावं म्हणून. न्यायची झाली तर. पिशवी काढून ठेवलीय. बार्शीच्या रस्त्याकडं दोनदा बघून आलो.

बसप्पा ओट्यावर येऊन बसलाय. अंगावर धुतलेला सदरा. नगा म्हणणारा माणूस. पण मांडीवर गळतं बांधायचा सुंभ आहे, नवा वळलेला, नीट गुंडाळी करून. दर पाडव्याला आणतो तसाच.

"निघायचं का मास्तर?" म्हणतोय. शाई वाळू दे, म्हटलं.